न बांधलेल्या कांदाचाळीचा लाभार्थी

ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि ती खुनाची नाही, दरोड्याचीही नाही. निवृत्त झाल्यापासून लोक भेटले की विचारतात, साहेब, नोकरीतली सगळ्यात मोठी केस कोणती? त्यांना रक्त, पाठलाग, पिस्तूल असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी त्यांना एखाद्या दरोड्याचा किस्सा सांगून वाटेला लावतो. मनात मात्र दरवेळी एक कांदाचाळ येते, जी कधी बांधलीच गेली नव्हती.

तेव्हा मी नगर जिल्ह्यात, मुळेच्या कालव्याखाली येणाऱ्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण माझ्या पिढीच्या तोंडात नगरच बसलंय. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. ऊस, कांदा आणि पाणी या तीन गोष्टींवर तिथली माणसं जगतात आणि याच तीन गोष्टींवरून एकमेकांची डोकी फोडतात. ठाण्याच्या डायरीतल्या निम्म्या नोंदी बांधाच्या आणि पाण्याच्याच असायच्या. अशा भागात हद्दीतलं एक गाव मात्र असं होतं की तिथून पाण्याची तक्रार सहसा यायचीच नाही. मी एकदा आमच्या हवालदारांना कारण विचारलं. ते त्याच पट्ट्यातले. म्हणाले, "तिथं नाना हायेत ना साहेब."

नाना म्हणजे साठी ओलांडलेले एक शेतकरी. जमीन बेताची, पोटापुरती. कालव्याचं आवर्तन सुटलं की त्यांच्या चारीवर, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या पाटावर, कुणी किती वेळ पाणी घ्यायचं, हे नाना ठरवायचे. हा काही सरकारी हुद्दा नव्हता, त्याचा पगार नव्हता. पूर्वी कधीतरी भांडण मिटवायला लोकांनी त्यांना मध्ये घातलं आणि ते काम त्यांच्याकडेच राहिलं. ते बांधावर उभं राहून मनगटावरच्या जुन्या घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "झालं तुझं, मोड दारं." आणि माणूस मुकाट्याने दारं मोडून, म्हणजे आपल्या शेताचं तोंड बुजवून, पाणी पुढच्याला द्यायचा. स्वतःच्या सख्ख्या भावाचं पाणी त्यांनी मिनिटावर तोडलं होतं, हे गावात कौतुकानं सांगितलं जायचं.

आता प्रकरणाकडे येतो. शासनाच्या योजनेचा लाभ कुणाकुणाला मिळाला, त्याची यादी गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवायची असते. त्याला चावडी वाचन म्हणतात. चांगली पद्धत आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी यादीच्या विरोधात आहे. आधी त्या गावात यादी यायची आणि ग्रामपंचायतीच्या दाराआड चिकटवली जायची. त्या वर्षी चार तरुण धरून बसले की मोठ्यानं वाचा. ग्रामसेवकानं वाचली. त्यात कांदाचाळ अनुदानाचे गावातले चौदा लाभार्थी निघाले.

गावात नव्या कांदाचाळी होत्या दोन. ज्यांना कांदाचाळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ती काही खिशात घालून न्यायची वस्तू नाही. कांदा हवेशीर राहावा म्हणून उभारलेलं लांबलचक छप्पर असतं, मैलावरून दिसतं. चौदापैकी बरीच नावं मेलेल्यांची किंवा पुण्याकडे जाऊन राहिलेल्यांची होती. चाळ नसलेलं, तरी गावात राहणारं, सगळ्यांच्या ओळखीचं एकच नाव होतं, आणि ते नानांचं होतं. नाना पुढेच बसले होते. नाव ऐकून ते हसले म्हणे. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी असेल. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाही.

तालुक्याच्या कार्यालयाकडून रीतसर फिर्याद आली. फसवणूक आणि बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल झाला, तपास मी स्वतःकडे घेतला. दुसऱ्या दिवशी नानांना जबाबासाठी बोलावलं. धोतर, टोपी, हातात पिशवी. पिशवीत सातबारा, पासबुक, आधार, जे काही घरात कागद म्हणून होतं ते सगळं आणलं होतं.

"साहेब, माज्याकडं कांदाचाळ न्हाई," ते बसायच्या आधीच म्हणाले. "मी कांदा झाडाखाली उसाच्या पाचटानं झाकून ठिवतो. समद्या गावाला ठाऊक हाय. तरी बी इचारत्यात, नाना, चाळ कुटं बांदली?"

मी विचारलं, अर्ज कुणी भरला? त्यांना अर्जाबद्दल काहीच माहीत नव्हतं. अतिवृष्टीची भरपाई आली तेव्हा गावातल्या ऑनलाइन केंद्रात कागद दिले होते, मशिनवर अंगठा दिला होता. तेवढंच. हे केंद्र चालवणारा पोरगा, त्याला आपण केंद्रवाला म्हणू, गावातलाच. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फॉर्म भरून द्यायचा, त्यांना चहा पाजायचा, सगळ्यांना बरा वाटायचा.

त्यांच्यासाठी पाणी मागवलं. नानांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला. तेव्हा माझं लक्ष गेलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. माझ्यासमोर फाईल उघडी होती. अनुदान मिळण्यापूर्वी लाभार्थ्याचा कांदाचाळीसमोर नावाची पाटी घेऊन फोटो काढायचा असतो. नानांच्या नावाच्या फोटोत उपरण्यानं तोंड झाकलेला एक माणूस पत्र्याची पाटी दोन्ही हातांनी धरून उभा होता. पाटीच्या कडेवर दोन्हीकडची चार-चार बोटं स्वच्छ दिसत होती.

म्हणजे दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, मला कळलं होतं की हा माणूस निर्दोष आहे. पुढचं सगळं वाचताना वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

जबाबावर डाव्या हातानं सही करून झाल्यावर नाना उठले, पण निघाले नाहीत.

"साहेब, येक काम करता का? गावात येवढं सांगता का, का मी न्हाई घेतलं? सरपंचाला फोन केला तरी बास हाय. परवा पानी सुटतंय."

"तपास चालू आहे, नाना. तपास चालू असताना पोलीस काही बोलत नसतात."

"व्हय, ते बी खरंच," ते म्हणाले. नियमावर त्यांचा विश्वास होता. आयुष्यभर तेच केलं होतं.

हवालदारांना मी फोटो दाखवला. ते म्हणाले, "म्हातारा सुटला की साहेब." मी म्हणालो, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पोलिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प राहणं शिकवावं लागत नाही. तो आमचा धर्मच असतो. फोटोवरून आपल्याला काहीतरी सापडलंय, एवढी जरी कुणकुण बाहेर गेली असती तर पुरावा गायब व्हायला तास लागला नसता. हे माझं गणित होतं, आणि तोवर ते चुकलेलं नव्हतं.

आठवड्यानं बाजारगावातला एक पेंटर ठाण्याच्या मागच्या बाजूनं आला. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा, लग्नाची कमान असली कामं करणारा. हातापायांवर रंग, डोळ्यांत भीती. बनावट लाभार्थ्यांची बातमी त्यानं पेपरात वाचली होती.

"साहेब, त्या पाट्या माज्याच हातच्या हायेत. पन पाट्या न्हाईत त्या, पाटी येकच हाय."

मला आधी समजेना. त्यानं समजावून सांगितलं. केंद्रवाला एकच पत्रा घेऊन यायचा. त्यावर योजनेचं नाव, खाली लाभार्थ्याचं नाव. दोन-चार दिवसांनी तोच पत्रा परत यायचा. खालचं नाव पांढऱ्या रंगानं झाकायचं आणि वर दुसरं लिहायचं. उजव्या कोपऱ्यात खिळ्याचं वाकडं भोक होतं म्हणून पेंटरला पत्रा ओळखू यायचा. मी त्याला विचारलं, नवा पत्रा का नाही आणला त्यानं? पेंटर म्हणाला, "नवा पत्रा इकत घ्यावा लागतो ना साहेब."

हसू नका. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, लाखाची अफरातफर करणारा माणूस शंभराच्या नोटेला जपतो, आणि बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

फोटो एकाच चाळीसमोरचे होते हे आम्ही शोधून काढलं होतं. चाळीचा मालक बाहेरगावी असायचा, त्याला पत्ताच नव्हता. पण केंद्रवाला म्हणू शकत होता, मी फक्त फॉर्म भरतो, फोटो लोक आणतात. पैसे आठ-दहा खात्यांतून फिरले होते, सिमकार्डं भलत्याच्याच नावावर होती, बँकांचे कागद यायला महिने लागणार होते. केंद्रवाल्याच्या हातात तो पत्रा पकडायचा, हा सरळ मार्ग होता. पेंटरला म्हणालो, पुढच्या वेळी पत्रा आला की मला फोन कर, आणि तोवर तू इथं आलाच नव्हतास.

आणि मी वाट बघायला लागलो. नव्या अर्जांची मुदत जवळ होती, केंद्रवाला पुन्हा पाटी रंगवणार याची मला खात्री होती. तो निर्धास्त होता, कारण गावाचा संशय त्याच्यावर नव्हता, नानांवर होता. तो स्वतःच पारावर बसून म्हणायचा, नानांनी असं करायला नको होतं. हे माझ्या कानावर येत होतं. नानांची बदनामी हाच माझ्या सापळ्याचा आडोसा होता, आणि मला हे तेव्हाही कळत होतं.

वाट बघण्यात सात आठवडे गेले. आवर्तन सुटलं तेव्हा दोघांनी चारीवर उभं राहून सांगितलं, नानांच्या घड्याळावर आम्ही पाणी घेणार नाही. नाना तिथूनच घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्या गावातून पाण्यावरून हाणामारीची तक्रार आली. मी त्या ठाण्यात आल्यापासूनची पहिली. त्यानंतर एका लग्नात, नात्यातल्याच, माईकवरून मानकऱ्यांची नावं पुकारून टोपी-उपरणं देत होते. नानांचं नाव दरवेळी पहिल्या पाचात असायचं. या वेळी पुकारलंच नाही. ते जेवून आले, असं हवालदार म्हणाले. उठून आले नाहीत, जेवून आले. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दर बाजाराच्या दिवशी नाना ठाण्यात यायचे. बाहेरच्या बाकावर बसायचे. मी ये-जा करताना उठून उभे राहायचे. मी म्हणायचो, "बसा नाना, तपास चालू आहे." एकदा ठाणे अंमलदारानं त्यांना चहा दिला तर त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "आरोपीला च्या पाजला म्हनून तुमालाच बोल लागंल." त्यानं हसून ते मला सांगितलं. मीही हसलो होतो.

मग एका दुपारी पेंटरचा फोन आला. पत्रा आला होता. आम्ही दोन पंच घेऊन गेलो आणि केंद्रवाल्याला पेंटरच्या दुकानात, पत्र्यासकट पकडलं. पंचनामा करताना रॉकेलच्या बोळ्यानं वरचा रंग पुसला. एक नाव गेलं, खालून दुसरं आलं. तेही पुसलं, तिसरं आलं. तिसरं नानांचं होतं.

चौकशीला बसवल्यावर केंद्रवाला शांत होता. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, प्रत्येक वाक्याला सर. मी पत्रा टेबलावर त्याच्या बाजूला तोंड करून उभा केला आणि दुसरीच कागदपत्रं चाळत बसलो. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो आधी देतो.

"सर, पाट्या सगळेच करून देतात. लोकच सांगतात, तूच कर म्हणून. नानांनीसुद्धा सांगितलं होतं."

"असं? मग फोटो कुणी काढला त्यांचा?"

"मीच काढला सर. नाना स्वतः उभे राहिले होते, पाटी धरून."

"दोन्ही हातांनी?"

"हो सर, दोन्ही हातांनी."

मी फोटो त्याच्यापुढे सरकवला. म्हणालो, "बोटं मोज."

त्यानं मोजली. त्याला काही कळेना. पुन्हा मोजली. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. लहानपणापासून तो त्या गावात होता. अंगठा घेताना नानांचा हात त्यानं स्वतःच्या हातात धरून मशिनवर दाबला होता, आणि त्या हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं पाणी मागितलं. आरोपी पाणी मागतो तेव्हा तो बोलायला तयार झालेला असतो. फोटोतला माणूस त्या चाळीवरचा राखणदार निघाला. त्याला सांगितलं होतं, सरकारला फोटो लागतो, आणि दर फोटोला एक वडापाव दिला होता.

केस उलगडली. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. मी खूश होतो, नाकारत नाही. संध्याकाळी पत्रकारांसाठी प्रेस नोट लिहायला बसलो. अशा नोटा मी शेकड्यांनी लिहिल्या असतील. आरोपीला अटक, मुद्देमाल जप्त, पथकातल्या कर्मचाऱ्यांची नावं. आणि शेवटी एक वाक्य, जे आपोआप हातातून उतरतं. "या प्रकारात लाभार्थ्यांचा सहभाग होता किंवा कसे, याचाही तपास सुरू आहे."

असं वाक्य लिहिलं की उद्या कुणी विचारायला नको, तुम्ही अमुक बाजू का तपासली नाही. म्हणून ते लिहायचं. त्यापलीकडे मी त्याचा विचार केला नाही.

दोन दिवसांनी नाना आले. बाजाराचा दिवस नव्हता. थेट माझ्या खोलीत आले, आजवर कधी आले नव्हते. हातात पेपरची घडी. नातीनं वाचून दाखवला असावा, कारण त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

"साहेब, हे पेपरवाल्यानं लिव्हलंय का तुमी?"

मी म्हणालो, "नाना, ती लिहायची पद्धत असते. तसं काही नाही त्यात."

"न्हाई, लोकांना वाटलं हुतं, त्यो पकडला, मंग नाना सुटले. दोगंजन घरी बी आल्ते. मंग ह्यो पेपर आला." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "आता म्हनत्यात, त्यानं खाल्लं तर नानाला हिस्सा दिलाच आसंल."

"दोषारोपपत्र होऊ द्या. त्यात सगळं स्पष्ट येईल."

"कवा व्हईल ते?"

"दोन-तीन महिने धरून चाला."

त्यांनी पेपरची नीट घडी केली, पिशवीत घातली. नमस्कार केला आणि गेले. माझ्यासमोर फोन होता. सरपंचाचा नंबर होता. आरोपी कोठडीत होता, पत्रा मुद्देमाल खोलीत सीलबंद होता, लपवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी मी फोन केला नाही. का केला नाही याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. मनात काही वाईट नव्हतं. नुसती सवय होती.

त्यानंतर अकरा दिवसांनी नाना शेतात गेले ते बांधावरच पडले. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, पूर्वीपासून छातीत दुखायचं, असंही घरच्यांनी सांगितलं. तपासी अधिकारी म्हणून मी कधी पुराव्याशिवाय कारण जोडलं नाही, इथंही जोडत नाही. पण हवालदारांनी बातमी सांगितली तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि बराच वेळ बाहेरच्या बाकाकडे बघत उभा राहिलो.

दशक्रियेला मी गेलो. वर्दी न घालता. आमच्या भागात दहाव्याला नदीकाठी सगळं गाव जमतं. सुतकातल्या घराशी भांडण असलं तरी दहाव्याला न जाणं शोभत नाही. त्यामुळे सगळे आले होते. चारीवर उभं राहून नानांना नाकारणारे दोघे आले होते. लग्नाच्या माईकवरचा आला होता. मांडव होता, प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं नानांच्या पाणीवाटपातल्या योगदानाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. यादीचा विषय कुणी काढला नाही, पण तो मांडवभर होता.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, खाली येईनात. मला या गोष्टींवर विश्वास नाही, पण घाटावर बसल्यावर माणूस बघत राहतो. भावानं पुढे होऊन सांगितलं, नातीचं शिक्षण करतो. जावयानं सांगितलं, शेत पडीक ठेवणार नाही. मुलगी रडत म्हणाली, आईला सांभाळते. कावळा येईना. ऊन चढलं. लोक कुजबुजायला लागले, कायतरी राह्यलंय. आणि मला जाणवलं की काही जण माझ्याकडे बघतायत.

मी उठलो. माईक घेतला नाही, तशीच ओरडून बोलायची सवय आहे. म्हणालो, "मी या प्रकरणाचा तपास केलाय. नानांनी कांदाचाळीचं अनुदान घेतलेलं नाही. एक रुपयाही घेतलेला नाही. त्यांच्या नावावर दुसऱ्यानं खाल्लं. हे मी अधिकारी म्हणून सांगतो."

चार-दोन माना खाली गेल्या. सगळे बाभळीकडे बघायला लागले, मीही. कावळा आला नाही. आणखी अर्धा तास वाट पाहून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

लोक पांगायला लागले तेव्हा मी नानांच्या बायकोपुढे हात जोडायला गेलो. त्या बायकांमध्ये बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "साहेब, तुमी आत्ता बोलले, ते तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आरोपी पकडल्यावर कळलं, असं म्हटलं असतं तर कुणाला शंका आली नसती.

"दुसऱ्या दिवशी, मावशी," मी म्हणालो. "नाना जबाबाला आले त्याच दिवशी."

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गावाला ठाऊक न्हवतं म्हनून गाव बोललं. तुमाला तर ठाऊक हुतं."

एवढ्या वर्षांत मला खूप माणसांनी शिव्या दिल्या, शाप दिले, एकदा तर भर कोर्टात चप्पल फेकली. ते सगळं मी विसरलो. हे वाक्य गेलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं, ते साध्या शब्दांत सांगतो. यादी वाचली गेली नसती तर चोरी कधीच उघडकीला आली नसती. म्हणून यादी वाचलीच पाहिजे, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. जनतेचा पैसा कुणाच्या नावावर गेला ते जनतेला कळलंच पाहिजे. पण यादीत फक्त नाव असतं. पैसा खरोखर त्या हातात पडला का, हे यादी सांगत नाही, आणि ऐकणारा मात्र तेच ऐकतो. नाव चढवताना जेवढा आवाज होतो तेवढाच आवाज ते उतरवतानाही करायला हवा, आणि ते काम कुणाचंच नसतं. सात आठवडे मी गप्प राहिलो ते तपासासाठी. त्याचं मी आजही समर्थन करीन, जड मनानं का होईना. शेवटचे तेरा दिवस मी गप्प राहिलो, त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

उरलेल्या नोकरीत मी ते सहभागाचं वाक्य पुन्हा लिहिलं नाही. एखादा माणूस निर्दोष आहे अशी खात्री झाली आणि तपासाला धोका नसला, की मी तसं पत्र ग्रामपंचायतीला पाठवायचो आणि ग्रामसभेत वाचा म्हणायचो. एका ग्रामसेवकानं विचारलं, साहेब, हे कोणत्या नियमात बसतं? म्हणालो, कोणत्याच नाही, तरी वाच. नानांचं नाव ऑनलाइन यादीतून काढावं म्हणून मी तीन पत्रं लिहिली, दोन नोकरीत असताना आणि एक नंतर. उत्तर आलं की अनुदान वितरित झालेल्या नावात दुरुस्ती करण्याची सोय नाही. ती यादी आजही मोबाईलवर उघडते. गाव निवडलं की नानांचं नाव येतं, पुढे योजना, पुढे रक्कम.

हे लिहायला घेण्याआधी मी त्या गावी गेलो. म्हटलं, इतरांची नावं लिहायची नसतात, पण नानांचं लिहावं. छापलेल्या एका तरी कागदावर त्यांचं नाव आणि ते निर्दोष होते हे वाक्य शेजारी शेजारी असावं. मावशी आता थकल्यात. ओट्यावर बसल्या होत्या. मी परवानगी मागितली. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं आणि मग म्हणाल्या, "बाकीचं समदं लिवा साहेब. नाव तेवढं नका लिवू. येकदा लिवून झालंय त्यांचं."

म्हणून लिहिलेलं नाही.